तळघरातील रातकिडा आणि घराची ओल

घरात उपद्रव देणाऱ्या कीटकांचा विचार करताना सामान्यतः ढेकूण, झुरळ, वाळवी आणि डास यांच्याकडे लक्ष जाते. रातकिड्याची गणना या मालिकेत क्वचितच होते. तो चावत नाही, रोग पसरविणारा म्हणून त्याची ख्याती नाही आणि त्याचा आवाज रानाशी व पावसाशी निगडित असल्यामुळे तो बहुतेकांना अप्रियही वाटत नाही. परंतु हाच आवाज घराच्या तळघरातून रात्रंदिवस येऊ लागला म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पालटते. झोपमोड हा त्यातील लहान भाग होय. तळघरात ठेवलेले कापड, कागद, धान्याची पोती यांचे होणारे नुकसान, रातकिड्यांच्या मागोमाग येणारे इतर प्राणी आणि सर्वांत मुख्य म्हणजे रातकिडे मारण्यासाठी अविचाराने योजिलेले विषारी उपाय यांमुळे हा विषय अभ्यासास योग्य ठरतो.

प्रस्तुत लेखात अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर जिल्हा) भूमी, हवामान आणि घरबांधणी यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : तळघरातील रातकिडा हे मूळ दुखणे नसून तळघरातील ओलीचे लक्षण होय. ओल गेल्याशिवाय रातकिडा जात नाही. आणि ओल गेल्यावर त्याला घालवण्यासाठी फारसे काही करावे लागत नाही.

१. पेव आणि तळघर

दख्खनच्या पठारावर जमिनीखाली साठवण करण्याची परंपरा जुनी आहे. कठीण मुरमात किंवा गावठाणाच्या कोरड्या पांढरीत खोल खड्डा खणून, तळाशी व कडांना कडबा किंवा भुसकट लावून त्यात ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. हेच पेव. वाड्यांच्या जाड भिंतींतील बळद हा याच साठवणीचा जमिनीवरील प्रकार होय. पेव बंद केल्यानंतर धान्याच्या व त्यातील किड्यांच्या श्वसनामुळे आतील प्राणवायू संपत जाई व कर्बद्विप्राणिद वायू साचे. परिणामी कीड आपोआप मरे. म्हणजे पेव सुरक्षित राहण्यास दोन गोष्टी कारणीभूत होत : ते कोरडे असे आणि ते निर्वात नसले तरी हवाबंद असे.

यांपैकी कोरडेपणाचे महत्त्व सांगलीजवळच्या हरिपूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथील पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ साली कृष्णेच्या महापुराचे पाणी या पेवांत शिरले आणि त्यांतील बहुतेक निकामी झाली. खड्ड्याचा आकार तोच, माती तीच. परंतु कोरडेपणा गेला आणि त्याबरोबर पेवाचा गुणही गेला.

वाड्याचे तळघर आणि आधुनिक बंगल्याचे तळघर यांत पेवाचे हे दोन्ही गुण नसतात. माणसांची जा-ये असल्यामुळे तेथे हवा असते आणि अनेक कारणांनी ओल असते. अंधार, स्थिर उष्णता, ओल, अन्न आणि फटी या पाच गोष्टी एकत्र आल्या म्हणजे रातकिड्यास हवे ते सर्व मिळते. व्यापारी पेठांतील ज्या दुकानांखाली माल ठेवण्याची जागा आहे तेथे खोकी, गोणपाट व कापडाचे तागे यांची त्यात भर पडते.

२. कीटकाची ओळख

रातकिडे हे नाकतोडे व टोळ यांच्याच ऋजुपक्ष गणात मोडतात. भारतातील रातकिड्यांचे व्यवस्थित वर्णन फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ल्युसियँ शोपार यांनी केले. त्यांचा ग्रंथ भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९६९ साली ‘फॉना ऑफ इंडिया’ या मालेत प्रसिद्ध केला. जातींची संख्या मोठी असली तरी घरमालकाच्या दृष्टीने दोन गट ओळखता आले म्हणजे पुरे.

पहिला गट पाहुण्यांचा. ‘ग्रिलस बायमॅक्युलॅटस’ ही जात याचे उत्तम उदाहरण होय. हा रातकिडा काळाभोर, अंगाने जाड, सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर लांब असून पुढच्या पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके असतात. त्याचे खरे घर शेत. तो उडू शकतो व दिव्याकडे आकर्षिला जातो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तो घरात शिरतो, परंतु तेथे बहुधा वंशविस्तार करीत नाही.

दुसरा गट रहिवाशांचा. ‘ग्रिलोडस सिगिलॅटस’ ही त्यातील प्रमुख जात. हा किडा लहान, दीड सेंटिमीटरच्या आसपास, फिकट पिवळसर तपकिरी रंगाचा असून अंगावर गडद आडवे पट्टे असतात. नराचे पंख आखूड, उदराच्या निम्म्यापर्यंत येणारे; मादीचे पंख नसल्यासारखेच. त्यामुळे ही जात उडू शकत नाही. ती पोती, खोकी, सरपण यांच्याबरोबर माणसाच्या हातानेच घरात येते आणि एकदा आली की तेथेच पिढ्या काढते.

मादीच्या उदराच्या टोकाशी सुईसारखा अंडनिक्षेपक असतो. तो ओल्या मातीत किंवा फटीतील ओल्या गाळात खुपसून ती अंडी घालते. एक मादी काही शेकडा अंडी घालू शकते. ही अंडी वाढताना भोवतीचे पाणी शोषून घेतात आणि आकाराने फुगतात. माती कोरडी असेल तर ती वाळून मरतात. या एका गोष्टीत पुढील सर्व उपाययोजनेचे मर्म आहे. उबदार जागी अंडी सुमारे दोन आठवड्यांत उबतात आणि पिल्ले अनेकदा कात टाकून प्रौढ होतात. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत साधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. या दोन्ही जातींत थंडीत वाढ थांबवून पडून राहण्याची अवस्था नसल्यामुळे तळघराच्या उबेत वर्षभर पिढ्यांमागून पिढ्या होत राहतात.

अन्नाच्या बाबतीत रातकिडा सर्वभक्षी आहे. सांडलेले पीठ व धान्याचा कोंडा, मेलेले किडे, भिंतीवरील बुरशी, खळ दिलेले सुती कापड, लोकर, रेशीम, पुस्तकांच्या बांधणीतील खळ व कागद, यांपैकी काहीही त्याला चालते. घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेले कापड तो विशेषेकरून कुरतडतो.

प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अप्रत्यक्ष धोका अधिक गंभीर आहे. रातकिडे हे पाल, बेडूक व विंचू यांचे भक्ष्य होय. महाराष्ट्रात आढळणाऱ्या लाल विंचवाचा दंश, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, जीवघेणा ठरू शकतो. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग होतो हे १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्या अंधाऱ्या तळघरात रातकिडे मुबलक आहेत तेथे अनवाणी जाणे किंवा जुन्या पोत्यांत न पाहता हात घालणे योग्य नव्हे.

३. आवाजावरून काय कळते

रातकिड्यांत फक्त नर आवाज करतो. त्याच्या एका पुढच्या पंखाच्या शिरेवर कानशीसारखे सूक्ष्म दाते असतात व दुसऱ्या पंखाची कड त्यांवरून घासली जाते. कान पुढच्या पायांच्या नळीवर असतात. मादी केवळ आवाजाच्या रोखाने नराकडे जाते, हे व्हिएन्ना येथील योहान रेगेन यांनी १९१३ साली दूरध्वनीच्या साहाय्याने सिद्ध केले. नराचा आवाज तारेवरून दुसऱ्या खोलीत पोहोचविला असता मादी ध्वनियंत्राकडे वळली. तेथे नराचा वास वा दर्शन यांचा प्रश्नच नव्हता.

यावरून पहिला निष्कर्ष असा की, आवाज हे संख्येचे माप नव्हे. एका नराच्या आवाजामागे अनेक मूक माद्या व पिल्ले असू शकतात. उलट, घर दुमदुमवणारा आवाज एकाच नराचाही असू शकतो. एखादा औषधी फवारा मारल्यावर आवाज थांबला म्हणजे रातकिडे संपले असे मानणे म्हणूनच चुकीचे होय. गाणारे नर मेले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ओल्या फटीतील अंडी शाबूत असतील तर दोन-तीन महिन्यांनी आवाज पुन्हा सुरू होतो, आणि औषध ‘खोटे’ होते असा ग्रह होतो.

दुसरा प्रश्न, आवाज येतो परंतु किडा का सापडत नाही, हा. ‘ग्रिलस बायमॅक्युलॅटस’ जातीच्या गाण्याची कंपनसंख्या दर सेकंदास सुमारे ४,७०० असते; ‘ग्रिलोडस’चा सूर याहून वरचा असतो. मनुष्य आवाजाची दिशा दोन मार्गांनी ओळखतो : नीच स्वरांच्या बाबतीत दोन कानांपर्यंत ध्वनी पोहोचण्याच्या वेळेतील फरकाने आणि उच्च स्वरांच्या बाबतीत तीव्रतेतील फरकाने. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात दोन्ही साधने दुबळी पडतात. स्टीव्हन्स व न्यूमन यांनी १९३६ साली केलेल्या प्रयोगांत दर सेकंदास ३,००० ते ४,००० कंपनांच्या आसपास माणसाची चूक सर्वाधिक होते असे आढळले. रातकिड्याचा एकसुरी स्वर या प्रदेशाच्या लगतच पडतो. त्यातच तळघराच्या उघड्या दगडी भिंतींवरून ध्वनी परावर्तित होत असल्यामुळे शोधणाऱ्याची दिशाभूल होते. शिवाय रातकिड्याच्या उदराच्या टोकावरील दोन पुच्छिका हवेची हलकी झुळूकही टिपतात, आणि पाऊल वाजताच तो गप्प होतो. म्हणून कानाने शोध घेण्यात वेळ दवडण्यापेक्षा सापळे लावणे श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट निदानाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. रातकिड्याच्या पंखांची गती उष्णतेवर अवलंबून असते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डॉल्बेअर यांनी १८९७ साली रातकिड्याच्या किरकिरीवरून तापमान काढण्याचे सूत्रच मांडले होते. मार्गशीर्ष-पौषात नगरकडील रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, तेव्हा रानातील रातकिडे बहुतांशी गप्प होतात. अशा रात्री रान मुके आणि तळघर बोलके असेल, तर तळघरात रहिवासी वसाहत आहे हे निश्चित समजावे.

४. ओल कोठून येते

तळघरातील ओलीचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. ते वेगळे न करता सरसकट खर्च करणे हा या विषयातील नेहमीचा दोष होय.

पहिला प्रकार पाझराचा. छपराची पन्हळ भिंतीच्या पायथ्याशी पाणी सोडते, न्हाणीची मोरी फुटलेली असते, किंवा रस्त्यावर थरावर थर पडून तो जोत्याच्या बरोबरीस आलेला असतो, आणि पावसाचे पाणी घराकडे वळते. काळ्या जमिनीत याला आणखी एक कारण मिळते. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. या भेगा पहिल्या पावसाचे पाणी सरळ पायापर्यंत नेतात. आणि मातीच्या या हालचालीने भिंतीलाही चिरा जातात. त्याच चिरांतून पाणी येते व त्याच चिरांतून रातकिडेही येतात.

दुसरा प्रकार केशाकर्षणाचा. जमिनीतील पाणी दगड, वीट व दर्जा यांतील सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. भिंतीवर पांढरा लोणा धरणे ही त्याची खूण. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांमुळे श्रीरामपूर, राहुरीकडच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. जिल्ह्याच्या अर्थजीवनाचा कायापालट झाला. परंतु बारमाही भिजणाऱ्या काळ्या जमिनीत भूजलाची पातळी वर येते, आणि तेथे अवर्षणाच्या काळात कोरडे राहणारे तळघर ओलसर होणे स्वाभाविक आहे. अशा भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा करणे हा लोकप्रिय परंतु उलटा उपाय होय. सिमेंट बाष्पास बाहेर पडू देत नाही. त्यामुळे भिंतीतील पाणी आणखी वर चढते आणि गिलाव्याच्या वर लोणा दिसू लागतो. जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीस चुन्याचाच गिलावा योग्य, कारण त्यातून भिंत वाळत राहते.

तिसरा प्रकार हवेतील बाष्पाचा आणि तोच सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. ‘तळघराला वारा लागावा’ म्हणून श्रावणात त्याची दारे-झरोके उघडे ठेवण्याची पद्धत आहे. ती किती घातक आहे हे साध्या हिशोबाने दाखविता येते. बाहेरची हवा २८ अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे असे धरू. ही हवा तळघराच्या २५ अंशांच्या भिंतीलगत थंड झाली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ९५ टक्के होते. भिंत २४ अंशांची असेल तर तिच्यावर दव जमू लागते. म्हणजे वाळवण्यासाठी आत घेतलेली हवा भिंत भिजवते. सापेक्ष आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी वाढू लागते, आणि बुरशी हे रातकिड्याच्या पिल्लांचे अन्न होय.

याउलट हिवाळ्यातील रात्रीची १२ अंशांची व ६० टक्के आर्द्रतेची हवा तळघरात शिरून २४ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. वैशाखातील दुपारची ३९ अंशांची व २० टक्के आर्द्रतेची हवा २६ अंशांच्या तळघरात आली तरी आर्द्रता ४२ टक्क्यांच्या आसपासच राहते. हा जिल्हा, पश्चिमेकडील अकोल्याचा डोंगराळ भाग वगळता, पर्जन्यछायेत आहे. म्हणजे तळघर वाळविण्यास अनुकूल अशी हवा येथे वर्षातून सात-आठ महिने फुकट उपलब्ध असते. प्रश्न फक्त झरोके केव्हा उघडावे आणि केव्हा मिटावे याचा आहे.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ठरविण्याची एक सोपी चाचणी आहे. सुमारे अर्धा मीटर चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर व तसाच एक जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व दोन दिवसांनी पाहावे. कागदाच्या खोलीकडील बाजूस पाण्याचे थेंब असतील तर ओल हवेतील. भिंतीकडील बाजूस असतील तर ती पाझराची किंवा केशाकर्षणाची. दोन्ही बाजूंस असतील तर दोन्ही उपाय करावे लागतील.

५. उपाययोजनेचा क्रम

उपायांपूर्वी निदान आवश्यक. चिकट पुठ्ठे किंवा तळाशी पीठ व गूळ ठेवलेल्या, आतील काठास तेल लावलेल्या रुंद तोंडाच्या बरण्या भिंतीच्या कडेने ठेवाव्यात. बरणीच्या बाहेरून चढण्यास खरखरीत कापडाची पट्टी लावावी. रोज सकाळी प्रत्येक सापळ्यातील किडे मोजून नोंद ठेवावी. पंधरा दिवसांच्या नोंदीत केवळ मोठे, काळे व पंखधारी किडे आढळले आणि काळ भाद्रपद-आश्विनाचा असला, तर ते पाहुणे होत. बिनपंखी लहान पिल्ले आढळली तर तळघरातच वीण चालू आहे. ज्या सापळ्यात पिल्ले सर्वाधिक, त्याच्याजवळच ओल शोधावी. ती बहुधा तेथेच सापडते.

पाहुण्यांचा बंदोबस्त सोपा आहे. तळघराच्या तोंडावरील प्रखर पांढरा दिवा काढून मंद पिवळा लावावा. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करावी. झरोक्यांना दीड मिलिमीटरपेक्षा लहान छिद्रांची तारेची जाळी बसवावी. आणि भिंतीलगतचे गवत, दगडविटांचे ढीग व कडब्याच्या पेंढ्या दूर हलवाव्यात. रान थंड पडले की हा ओघ आपोआप थांबतो.

रहिवाशांसाठी वर्षभराचा क्रम ठेवावा लागतो. मृग लागण्यापूर्वी पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर नेणारी नळी बसवावी, मोरी दुरुस्त करावी, आणि जोत्याभोवती भिंतीपासून बाहेर दर मीटरला दोन-तीन सेंटिमीटर उतार असलेली फरसबंदी करावी. भिंतीलगतची काळी माती काढून तेथे मुरूम भरल्यास भेगांचा प्रश्न बराच कमी होतो. चिरा चुन्याच्या गाऱ्याने भराव्यात. कागदाचे बोळे कोंबणे म्हणजे किड्यास निवारा व अन्न दोन्ही देणे होय.

पावसाळ्यात, हवा दमट असेतोवर, झरोके मिटून ठेवावेत व तळघरात शेणाने सारवू नये. प्रत्येक सारवणाबरोबर काही घागरी पाणी आत जाते. तळघर वापरात असून आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली येतच नसेल तर विजेवरील आर्द्रताशोषक यंत्र या चार महिन्यांपुरते लावणे फायद्याचे. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की रात्री झरोके उघडावेत. एक झरोका जमिनीलगत व दुसरा समोरच्या बाजूस उंच असल्यास हवा खेळते. रोहिणी नक्षत्रापर्यंत हा क्रम चालू ठेवावा.

साठवणीविषयीचे नियम साधे आहेत. पोती व खोकी भिंतीस टेकवू नयेत. लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावीत, म्हणजे खालून झाडता येते. पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी पत्र्याच्या पेट्या वापराव्यात. कापड धुऊन, खळ काढून ठेवावे. बाहेरून येणारे पोते किंवा सरपणाची मोळी उन्हात पसरून झटकल्याशिवाय खाली नेऊ नये.

या सर्वांच्या जोडीस फटींतून थोडी बोरिक ॲसिडची भुकटी घालता येते, परंतु मुले व पाळीव जनावरे यांचा हात-तोंड जेथे पोहोचत नाही तेथेच. डायॲटमयुक्त मातीची भुकटी ही आणखी एक सौम्य वस्तू. तिचे सूक्ष्म कण किड्याच्या अंगावरील मेणाचा थर शोषून घेतात आणि किडा वाळून मरतो. धान्यात राख मिसळण्याच्या जुन्या पद्धतीच्या मुळाशीही असेच तत्त्व आहे. परंतु ओलसर तळघरात ही भुकटी स्वतःच पाणी शोषून निरुपयोगी होते. म्हणजे येथेही गाठ पुन्हा ओलीशीच पडते.

सापळ्यांची नोंद एका पिढीच्या काळापेक्षा अधिक, म्हणजे किमान तीन महिने, चालू ठेवावी. तेवढ्या अवधीत एकही पिल्लू सापडले नाही तरच वसाहत संपली असे म्हणता येईल.

६. विषारी उपायांविषयी इशारा

जुन्या पुस्तकांत रातकिड्यांसाठी डीडीटी व बीएचसी यांच्या भुकट्या सुचविलेल्या आढळतात. पाउल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ साली शोधला व त्यांना १९४८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ साली सुरू झालेल्या हिवताप नियंत्रण कार्यक्रमातून हे नाव खेडोपाडी पोहोचले. परंतु १९८९ साली भारतात डीडीटीचा शेतीतील वापर बंद करण्यात आला आणि १९९७ साली बीएचसीवर बंदी आली. त्या शिफारशी आज ग्राह्य नाहीत.

याहून तातडीचा प्रश्न धान्यातील कीड मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा आहे. घरात ज्वारी-गहू साठवताना या गोळ्या वापरण्याची सवय असल्यामुळे तळघर बंद करून दोन-चार गोळ्या टाकाव्यात व सारेच किडे मारावेत, असा विचार सहज सुचतो. तो प्राणघातक आहे. हवेतील ओलीशी संयोग होऊन या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीपासून एक ग्रॅम. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व अडीच मीटर उंच तळघराचे घनफळ तीस घनमीटर. त्यात एका गोळीने वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २४ होते. कामगारांसाठी मान्य केलेली मर्यादा दशलक्षांत ०.३ आहे, ५० हे प्रमाण जीवितास तत्काळ धोका उत्पन्न करणारे मानले जाते. म्हणजे एक गोळी मर्यादेच्या ऐंशी पट, आणि तीन गोळ्या म्हणजे मृत्यूस निमंत्रण. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असून भिंतींच्या चिरांतून व फरशीच्या सांध्यांतून वरच्या व शेजारच्या खोल्यांत शिरतो. रात्री झोपलेल्या कुटुंबांवर असे प्रसंग देशात अनेकदा ओढवले आहेत. या विषावर विशिष्ट उतारा नाही.

येथे जुन्या व नव्या अनुभवांत होणारी एक गल्लत नमूद करणे अवश्य आहे. पेव उघडल्यावर ते काही काळ मोकळे ठेवून, आत दिवा सोडून, तो तेवत राहिला तरच उतरावयाचे, ही रीत शहाणपणाची आहे. परंतु दिवा प्राणवायूची परीक्षा करतो, फॉस्फिनची नव्हे. ज्या प्रमाणात फॉस्फिन माणसास मारतो त्या प्रमाणात दिवा खुशाल तेवत राहतो. लसणासारखा वा सडक्या मासळीसारखा वास येईल, तेव्हा बाहेर पडू, असे म्हणणेही धोक्याचे. कारण तो वास त्यातील भेसळ द्रव्यांचा असतो आणि वायू असूनही वास नसू शकतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर कायद्याने सरकारी तज्ज्ञ किंवा परवानाधारक कीडनियंत्रक यांच्या देखरेखीखालीच करावयाचा असून दहा व वीस गोळ्यांच्या नळ्यांच्या विक्रीवर २००१ साली बंदी घालण्यात आली आहे. राहत्या घराच्या तळघरात रातकिड्यांसाठी या गोळ्या कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. चुकून वापरल्या गेल्या असतील व डोकेदुखी, उलटी किंवा छाती भरून येणे यांपैकी काही जाणवले, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे, गोळ्या काढण्यासाठी कोणीही खाली उतरू नये आणि रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

७. उपसंहार

या विवेचनावरून असे दिसून येईल की, तळघरातील रातकिड्याचा प्रश्न कीटकशास्त्राइतकाच भूशास्त्राचा, हवामानशास्त्राचा आणि स्थापत्याचा आहे. राहुरी येथे कृषी विद्यापीठ असलेल्या या जिल्ह्यात धान्य साठवणीचा अभ्यास स्वाभाविकपणे शेताच्या व गोदामाच्या अंगाने होतो. घराच्या तळघराचा अभ्यास मात्र उपेक्षित राहतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यास येथे अल्प खर्चाचे काम करता येण्याजोगे आहे. जिरायत, कालव्याखालील आणि डोंगराळ अशा तीन पट्ट्यांतील काही तळघरे निवडून तापमान व आर्द्रता यांची वर्षभर नोंद करावी, त्याबरोबर सापळ्यांतील प्रौढ व पिल्ले यांची निरनिराळी गणना ठेवावी, आणि भूजल पातळीशी तिचा संबंध तपासावा. यासाठी आर्द्रतामापक, पुठ्ठ्याचे सापळे आणि नियमितपणा यांपलीकडे साधने लागणार नाहीत.

गृहस्थाने लक्षात ठेवावयाचे ते इतकेच : आषाढात झरोके मिटावे, कार्तिकात उघडावे, पाणी भिंतीपासून दूर न्यावे आणि विष घराबाहेर ठेवावे. पौषातल्या एखाद्या थंड रात्री तळघराच्या पायऱ्यांवर काही वेळ शांत बसून ऐकावे. काही ऐकू आले नाही आणि सापळ्यांत पिल्लू नाही, तर तळघर कोरडे झाले असे समजण्यास हरकत नाही.